प्रकाश-कन्सोल : क्यूचालन
नाटकातील प्रत्येक प्रकाशबदलाची नोंद, म्हणजेच ‘क्यू’, साठवून ठेवून प्रयोगात ती क्रमाने सादर करणारे यंत्र. ब्रॉडवेवर १९७५ साली ‘अ कोरस लाइन’साठी प्रकाशयोजनाकार थॅरॉन मसर यांनी एलएस-८ हे स्मृतियुक्त कन्सोल वापरले, आणि पुढे डिमरच्या दांड्या हातांनी ओढण्याची पद्धत तेथे मागे पडत गेली. ईटीसी कंपनीच्या ईऑस मालिकेत ‘गो’ कळ दाबताच पुढील क्यू ठरवलेल्या कालावधीत रंगमंचावर उतरतो. ‘स्टॉप/बॅक’ एकदा दाबल्यास चालू बदल जागीच थांबतो व पुन्हा दाबल्यास मागील क्यू परततो, म्हणून या दोन कळा अंधारात न पाहता बोटांना सापडणे महत्त्वाचे असते. अंककळांचा पट्टा मुख्यतः तालमीत लागतो: चॅनेलचा क्रमांक, ‘अ‍ॅट’, तीव्रतेची टक्केवारी आणि ‘एंटर’, असा त्याचा क्रम.