लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब झालं? नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नेमका कसा टाकायचा, समजून घ्या

रात्री साडेनऊला पारनेरहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण वायफायच दिसंना. आणि उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे."

लॅपटॉप दहा वर्षं जुना, सेकंड हँड घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि हा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. नवा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कुणीतरी सुचवलं की लिनक्स टाक, फुकट आहे आणि पळतंय. ते पळत होतंही. फक्त इंटरनेट नव्हतं.

सावेडीतल्या अभ्यासिकांपासून अकोल्या-जामखेडच्या सेवा केंद्रांपर्यंत असे जुने लॅपटॉप ढिगाने आहेत. त्यावर लिनक्स टाकणारे बरेच जण याच ठिकाणी अडकतात आणि "लिनक्स आपल्या कामाचं नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम असतं. फक्त अडलंय कुठे, ते आधी शोधावं लागतं.

ड्रायव्हर म्हणजे काय?

लॅपटॉपमध्ये वायफायची किंवा लॅन केबलची एक चिप असते. तिलाच आपण नेटवर्क कार्ड म्हणतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला म्हणतात कर्नल. कर्नलला या चिपशी बोलायचं तर मध्ये दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक चिपची भाषा वेगळी, म्हणून ड्रायव्हरही वेगळा.

विंडोजमध्ये आपल्याला सवय असते की कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, फाइल उतरवायची, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं. लिनक्सचा कारभार उलटा आहे. इथे हजारो ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. चिप दिसली की कर्नल तिचं मॉड्यूल आपोआप उचलतो. म्हणून "लिनक्सचा वायफाय ड्रायव्हर डाउनलोड" असं शोधत बसणं ही पहिली चूक. ड्रायव्हर बहुधा तुमच्याकडे आधीच असतो.

हे आपोआप झालेलं नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. १९९४ मध्ये नासामध्ये डोनाल्ड बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १६ साधे कॉम्प्युटर जोडून 'बेओवुल्फ' नावाचं क्लस्टर बनवलं. त्या काळात बाजारात मिळणाऱ्या कितीतरी इथरनेट कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर बेकर यांनी लिहिले. ते सगळ्यांसाठी खुले होते, म्हणून पुढे जगभर वापरले गेले.

नेटवर्क कार्ड पुण्यातही बनलंय

पुण्याच्या सी-डॅकने परम महासंगणक बनवले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण शेकडो प्रोसेसर एकमेकांना जोडायला नेटवर्कही लागतं. ते सी-डॅकने स्वतः तयार केलं, नाव परमनेट. २००३ च्या 'परम पद्म'मध्ये परमनेट-२ होतं आणि त्यावर आयबीएमचं एआयएक्स हे युनिक्स चालायचं. जून २००३ मध्ये जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तो १७१ वा आला. पुढे २००८ च्या 'परम युवा'मध्ये परमनेट-३ आलं.

मुद्दा असा की महासंगणक असो की पारनेरचा लॅपटॉप, कार्ड बसवून भागत नाही. त्या कार्डाला त्या सिस्टिमशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर कुणीतरी लिहावं लागतं.

नेट नाही, मग ड्रायव्हर आणायचा कसा?

ही खरी गोची. ड्रायव्हर आणायला नेट लागतं आणि नेट यायला ड्रायव्हर. त्यावर उपाय तुमच्या खिशात आहे.

अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'युएसबी टेदरिंग' असतं, ते सुरू करा. लिनक्सला फोन म्हणजे लॅन केबल लावल्यासारखा दिसतो आणि बहुधा काहीही न टाकता नेट सुरू होतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे जातं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर केबल बदलून बघा. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

भावाला हे सांगितलं आणि दोन मिनिटांत नेट आलं. फॉर्म त्या रात्रीच भरून झाला. वायफायचं काम आम्ही दुसऱ्या दिवशी निवांत केलं.

पायरी १: चिप कोणती ते ओळखा

लॅपटॉपवर कोणत्या कंपनीचं नाव आहे, याला इथे फार अर्थ नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिप निघतात. म्हणून टर्मिनल उघडायचं. खालच्या कमांड इथे मराठीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची.

'एलएसपीसीआय' ही कमांड द्या आणि एक जागा सोडून पुढे 'डॅश एनएनके' लिहा. आतल्या चिपांची यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'इथरनेट कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. बाहेरून लावायचा युएसबी डोंगल असेल तर 'एलएसयुएसबी'.

त्या ओळीत चौकटी कंसात दोन भागांचा आकडा असतो, मध्ये विसर्गचिन्ह. पहिला भाग कंपनीचा: इंटेलचा ८०८६, ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी. दुसरा भाग त्या चिपचा. हा आकडा वहीत लिहून ठेवा. मदत मागताना किंवा शोधताना हाच कामी येतो.

पायरी २: अडलंय कुठे?

त्याच यादीत चिपच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का ते बघा. इथून रस्ते फुटतात.

ओळ आहे, पण वायफाय बंद आहे. म्हणजे ड्रायव्हर लागलेला आहे. 'आरएफकिल लिस्ट' अशी कमांड द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल' दिलं की काम झालं. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा कीबोर्डवरची विमान मोडची की तपासा. कितीतरी जणांचा "ड्रायव्हर प्रॉब्लेम" या बटणावर संपतो.

ओळ आहे, पण कार्ड जागं होत नाही. 'सुडो डीमेसेज' ही कमांड कर्नलची डायरी दाखवते. तिची अक्षरं डी, एम, ई, एस, जी. त्यात 'फर्मवेअर' या शब्दाजवळ 'फेल्ड' दिसलं तर ड्रायव्हर आहे, पण चिपच्या आत भरायची कंपनीची छोटी फाइल नाही. उबुंटूमध्ये अशा बहुतेक फाइल 'लिनक्स-फर्मवेअर' या एकाच पॅकेजमध्ये असतात. डेबियनमध्ये कंपनीनुसार वेगळी पॅकेज आहेत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतात. त्यामुळे जुना पेनड्राइव्ह वापरत असाल तर नवी आवृत्ती घ्या.

ओळच नाही. म्हणजे या चिपला ड्रायव्हर लागलेला नाही. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि लिनक्स मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, फोनचं नेट चालू ठेवा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि रिस्टार्ट करा. यात एकही कमांड लागत नाही. भावाचं काम इथेच झालं.

चिप अगदी नवी असेल तर आधी सिस्टिम पूर्ण अपडेट करा. नव्या कर्नलसोबत नवे ड्रायव्हर येतात.

पायरी ३: बाहेरून ड्रायव्हर टाकायचाच असेल तर

हा शेवटचा पर्याय. काही युएसबी डोंगलसाठी लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर आपल्या मशिनवर तयार करावा लागतो. तेव्हा दोन गोष्टी बघा.

पहिली, तो 'डीकेएमएस' पद्धतीने टाकता येतो का? तसं नसेल तर कर्नल अपडेट झाला की वायफाय पुन्हा जातं, कारण ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनलेला असतो. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा तयार करतं.

दुसरी, सिक्युअर बूट. हे चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रिस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. भावाने घाबरून ती स्क्रीन आधी बंदच केली होती. मग ड्रायव्हर टाकलेला असूनही वायफाय येत नव्हतं. पुन्हा ती प्रक्रिया केली, पासवर्ड दिला आणि वायफायचं चिन्ह दिसलं.

एक इशारा. 'सुडो' म्हणजे मशिनच्या सगळ्या किल्ल्या हातात देणं. रीलमध्ये दिसलेली कमांड समजून न घेता चिकटवू नका. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" देणाऱ्या साइटच्या वाटेलाही जाऊ नका.

ड्रायव्हर लागला, आता सेटिंग

घरच्या वायफायसाठी नाव निवडून पासवर्ड दिला की झालं. आयपी अ‍ॅड्रेस राउटर देतो, त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. सेवा केंद्रात किंवा शाळेत प्रिंटर जोडलेल्या मशिनचा अ‍ॅड्रेस मात्र कायम एकच लागतो, नाहीतर रोज प्रिंटर सापडत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' निवडून तो भरता येतो. त्यापेक्षा राउटरमध्येच त्या मशिनसाठी अ‍ॅड्रेस राखून ठेवणं सोपं.

लिनक्समध्ये कार्डाचं नाव 'ईएनपी३एस०' असं विचित्र दिसलं तर घाबरू नका. ईएन म्हणजे इथरनेट आणि पुढे ते कार्ड कुठल्या जागी बसलंय त्याचा पत्ता. वायफायचं नाव 'डब्ल्यूएल'ने सुरू होतं. फ्रीबीएसडी या युनिक्समध्ये नाव ड्रायव्हरवरून पडतं, रिअलटेकच्या कार्डाचं 'आरई०'. तिथे मॉड्यूल चढवायची कमांड 'केएलडीलोड', लिनक्समध्ये 'मॉडप्रोब'.

नेट चालत नसेल तर क्रमाने 'पिंग' करा. आधी राउटरचा अ‍ॅड्रेस, मग ८.८.८.८, मग एखाद्या वेबसाइटचं नाव. राउटरपर्यंतच जात नसेल तर गडबड कार्ड किंवा वायफायच्या जोडणीत. ८.८.८.८ ला अडलं तर राउटरच्या पुढच्या नेटमध्ये. फक्त नावाला अडलं तर डीएनएस सेटिंगमध्ये, तिथे ड्रायव्हरचा काही दोष नाही.

लिनक्स टाकायच्या आधी एवढं करा

उबुंटू आणि मिंट दोन्ही पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येतात. त्यात वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. तिथे वायफाय चाललं तर टाकल्यावरही बहुधा चालेल. नाही चाललं, तर चिपचा आकडा लिहून घ्या आणि उपाय आधी शोधा. आणि फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर असताना लॅपटॉप फॉरमॅट करू नका. भाऊ आता हे सगळ्यांना सांगतो.