कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग कसं करायचं? पुरावा म्हणून ते चालतं का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं ऑनलाइन सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. योजनेच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे आणि सकाळपासून रांग लागलेली आहे. सातबारा अपलोड होतो, बँक पासबुक अपलोड होतं, पण 'सबमिट' दाबलं की चाक फिरत राहतं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर येते. पान रिफ्रेश केलं की ती एररही गायब होते. नंतर तक्रार करायला गेल्यावर 'साईट चालत नव्हती' एवढं सांगून भागत नाही. 'दाखवा', असं समोरून विचारलं जातं.

अशा वेळी दोन सेकंदांत काढलेला स्क्रीनशॉट कामी येतो. पण बरेच जण मोबाईल काढून मॉनिटरचाच फोटो घेतात. त्यात आडव्या रेषा येतात, ट्यूबलाइटची चमक येते आणि नेमका अर्ज क्रमांक वाचता येत नाही.

कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट कसा घ्यायचा, स्क्रीन रेकॉर्ड कशी करायची आणि वेळ पडली तर कोर्टात त्याला किती वजन असतं, ते समजून घेऊया.

स्क्रीनशॉट म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणी स्क्रीनवर जे दिसतंय त्याचं जसंच्या तसं चित्र. ते कॅमेऱ्यानं नाही, तर कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. त्यामुळे अक्षरं स्पष्ट येतात.

कीबोर्डवर उजवीकडे वरच्या ओळीत 'प्रिंट स्क्रीन' नावाचं बटण असतं. जागा कमी असल्यानं त्यावर या नावाची आखूड अक्षरं छापलेली असतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर हे बटण नावाप्रमाणेच काम करायचं. शिफ्टसोबत ते दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापून यायचा. आता कागद निघत नाही, चित्र निघतं. नाव मात्र तेच राहिलं.

विंडोजवर स्क्रीनशॉट कसा घ्यायचा?

१. विंडोज + प्रिंट स्क्रीन: पूर्ण स्क्रीनचं चित्र निघतं आणि 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये आपोआप सेव्ह होतं. घाईच्या वेळी हा सगळ्यात सोपा मार्ग.

२. विंडोज + शिफ्ट + एस: स्क्रीन थोडी काळपट होते आणि माऊसनं हवा तेवढाच भाग निवडता येतो. निवडलेलं चित्र क्लिपबोर्डवर जातं. मग व्हॉट्सअ‍ॅप वेब, ईमेल किंवा वर्डमध्ये कंट्रोल + व्ही दाबून ते चिकटवता येतं.

३. ऑल्ट + प्रिंट स्क्रीन: अनेक विंडो उघड्या असतील तर समोरच्या एकाच विंडोचं चित्र क्लिपबोर्डवर येतं.

४. नुसतं प्रिंट स्क्रीन: जुन्या विंडोजमध्ये पूर्ण स्क्रीन क्लिपबोर्डवर कॉपी होते. फाईल आपोआप तयार होत नाही, त्यामुळे 'बटण दाबलं पण फोटो कुठे गेला?' हा प्रश्न पडतो. पेंटमध्ये पेस्ट करून तो सेव्ह करावा लागतो. नव्या विंडोज ११ मध्ये याच बटणानं स्निपिंग टूल उघडतं.

काही लॅपटॉपवर हे बटण दुसऱ्या एखाद्या कामासोबत जोडलेलं असतं. तिथे 'एफएन' बटण सोबत दाबावं लागतं.

मॅक आणि लिनक्सवर काय करायचं?

मॅकवर कमांड + शिफ्ट + ३ नं पूर्ण स्क्रीन, तर कमांड + शिफ्ट + ४ नं निवडलेला भाग टिपता येतो. कमांड + शिफ्ट + ४ नंतर स्पेसबार दाबून विंडोवर क्लिक केलं, तर फक्त त्या विंडोचं चित्र निघतं. फाईल डेस्कटॉपवर सेव्ह होते. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून कमांड + शिफ्ट + ५ दाबलं की स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग दोन्हींचे पर्याय एकाच पट्टीत दिसतात.

उबुंटूसारख्या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांमध्ये प्रिंट स्क्रीन दाबलं की अशीच पट्टी उघडते. त्यात चित्र आणि व्हिडिओ असे दोन पर्याय असतात.

पूर्ण वेबपेज हवं असेल तर?

लांबलचक पेज एका स्क्रीनमध्ये मावत नाही. फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस दाबल्यावर वरपासून खालपर्यंत पूर्ण पान टिपण्याचा पर्याय मिळतो.

दुसरा मार्ग सगळ्या ब्राउझरमध्ये चालतो. कंट्रोल + पी दाबा आणि प्रिंटरऐवजी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. प्रिंटच्या सेटिंगमध्ये 'हेडर आणि फूटर' चालू ठेवलं, तर पानाचा पत्ता आणि त्या दिवसाची तारीख पीडीएफवर छापली जाते. तक्रारीसोबत जोडायला हा चांगला कागद आहे.

स्क्रीन रेकॉर्डिंग कसं करायचं?

काही गोष्टी एका चित्रात सांगता येत नाहीत. अर्ज कुठल्या पायरीवर अडकतो, ओटीपी टाकल्यावर काय होतं, हे दाखवायला व्हिडिओच लागतो.

स्निपिंग टूल: विंडोज ११ मध्ये हे अ‍ॅप उघडून व्हिडिओ कॅमेऱ्याचं चिन्ह निवडा, 'न्यू' दाबून स्क्रीनचा भाग ठरवा आणि 'स्टार्ट' करा. रेकॉर्डिंग एमपी४ फाईलमध्ये मिळतं.

गेम बार: विंडोज १० मध्ये विंडोज + जी दाबलं की हा पर्याय उघडतो. विंडोज + ऑल्ट + आर नं रेकॉर्डिंग थेट सुरू होतं आणि त्याच बटणांनी थांबतं. फाईल 'व्हिडिओज'मधल्या 'कॅप्चर्स' फोल्डरमध्ये जाते. पण यातून एखाद्या अ‍ॅपचीच विंडो रेकॉर्ड होते, रिकामा डेस्कटॉप किंवा फाईल एक्सप्लोरर होत नाही.

ओबीएस स्टुडिओ: हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. स्क्रीन, वेबकॅम आणि माईक एकत्र रेकॉर्ड करता येतात. यूट्यूबवर ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी ते उपयोगी आहे.

सुरू करण्याआधी माईक चालू आहे की बंद, हे तपासा. नाहीतर एक तर पूर्ण व्हिडिओ मुका निघतो, किंवा घरातलं सगळं बोलणं त्यात येतं. चित्रपट दाखवणाऱ्या काही साईट रेकॉर्ड केल्या तर व्हिडिओत फक्त काळा चौकोन दिसतो. तो बिघाड नाही. कॉपी होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे.

कोर्टात चालतं का? शेजारच्या जालन्याचा खटला

डिजिटल पुराव्याबाबत देशभर दाखला दिला जातो तो खटला बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत संपल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज घेतला गेला, असा त्यांचा दावा होता. त्याचा आधार होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ही निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रेकॉर्डिंगसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र नव्हतं, मग ते पुरावा धरायचं का, हा कळीचा प्रश्न होता.

१४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. डिजिटल नोंदीची प्रत सादर करायची असेल तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणच कोर्टात सादर केलं आणि त्याच्या मालकानं साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि एखाद्यानं सगळे प्रयत्न करूनही संबंधित कार्यालयानं प्रमाणपत्र दिलं नाही, तर त्याची शिक्षा त्या माणसाला मिळू नये. या खटल्यात तसंच घडलं होतं. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्यात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलचा जणू अंगठा. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती बदलते.

सामान्य माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. स्क्रीनशॉट ही प्रत आहे. स्क्रीनशॉट काढला म्हणून मूळ चॅट, ईमेल किंवा एसएमएस डिलीट करू नका आणि तो फोन फॉरमॅट करून विकू नका.

पुराव्यासाठी स्क्रीनशॉट घेताना

- फक्त एररचा चौकोन न घेता पूर्ण स्क्रीन घ्या. वर वेबसाईटचा पत्ता आणि खाली कोपऱ्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे.
- सोशल मीडियावर त्रास देणाऱ्या अकाऊंटचं नुसतं नाव पुरत नाही, नाव केव्हाही बदलता येतं. प्रोफाईलची लिंकही कॉपी करून ठेवा.
- यूपीआय फसवणुकीत १२ अंकी व्यवहार क्रमांक स्पष्ट दिसू द्या.
- मूळ फाईल क्रॉप करू नका, तिच्यावर खुणा करू नका. खुणा करायच्या तर वेगळी प्रत काढा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास तो आकुंचन पावतो आणि बारीक अक्षरं फिसकटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आर्थिक फसवणूक झाली असेल तर स्क्रीनशॉट गोळा करत बसू नका. आधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवायचे तर प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. स्क्रीनशॉट नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जोडता येतात.

समोरून आलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवावा का?

लगेच नाही. ब्राउझरमध्येच असलेल्या साधनानं कुठल्याही वेबपेजवरचा आकडा किंवा मथळा आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो आणि त्याचा स्क्रीनशॉट खऱ्यासारखाच दिसतो. म्हणूनच खामगावच्या बाजारातल्या दुकानदारानं 'पेमेंट झालं, हा बघा स्क्रीनशॉट' एवढ्यावर माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम आली का, ते पाहावं.

खरा स्क्रीनशॉटही दिशाभूल करू शकतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं नंतरच्या तपासणीत दिसलं. ती बातमी खरी होती. पण तारीख कापलेला तोच स्क्रीनशॉट आज कोणी 'लोणारमध्ये आत्ता' म्हणून पाठवला, तर ती अफवा ठरते. शंका आली की मूळ लिंक मागा.

शेअर करण्याआधी काय झाकायचं?

आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर आणि उघड्या असलेल्या इतर टॅबची नावं. अर्धपारदर्शक मार्करनं फिरवलेल्या रेघेखालचा आकडा ब्राइटनेस वाढवून वाचता येऊ शकतो. त्यावर पूर्ण काळा चौकोन भरा किंवा तो भागच कापून टाका.

कापलेलंही दरवेळी जात नाही, हे मार्च २०२३ मध्ये दिसलं. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये क्रॉप करून त्याच फाईलवर सेव्ह केलेल्या चित्रात कापलेला भाग शिल्लक राहत होता आणि तो परत काढता येत होता. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात अपडेट देऊन ही चूक सुधारली. पण अपडेटच्या आधी पाठवलेले जुने स्क्रीनशॉट त्यामुळे बदलत नाहीत.

एक गोष्ट उलट बाजूनंही लक्षात ठेवा. तुमच्याकडे रेकॉर्डचं बटण आहे, तसं समोरच्याकडेही आहे. अनोळखी व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून धमकावण्याचे प्रकार घडतात. तसं झालं तर पैसे देऊ नका, कॉल आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांत जा. त्या वेळी तोच स्क्रीनशॉट तुमच्या बाजूनं बोलतो.