रजा : मर्जीकडून हक्काकडे



मी कायद्याचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. म्हणून आरंभ शब्दापासूनच करतो. 'सुट्टी'चे नाते 'सुटणे' या क्रियापदाशी आहे. 'रजा' मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आली. तिचा मूळ अर्थ संमती, मर्जी. सुट्टी सर्वांना एकदम मिळते. रजा ज्याची त्याने मागावी लागते. धन्याच्या मर्जीवरची ही रजा हक्क कशी झाली, हे पाहण्याजोगे आहे.

१८८१ च्या कारखाने कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांना काहीच नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. परंतु त्याच अर्जातील दुसरी एक मागणी मला अधिक दूरदृष्टीची वाटते : कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे. विश्रांती मिळाली, पण चूल विझली, तर त्या विश्रांतीचा उपयोग काय? भरपगारी रजेचे बीज या प्रश्नात आहे.

ते बीज पुढे अंकुरले. मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाचे समर्थन केले आणि १९२९ मध्ये कायदा झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, नंतरच्या दुरुस्तीसह, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढास दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली.

आपल्या ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल १९२१ साली उभी राहिली. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नसत. येथील कायदा दरबार करी. १९४८ साली ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाले, आणि त्यानंतरच अखिल भारतीय कायद्याचे छत्र येथल्या कामगारावर आले.

सरकारी नोकराची गोष्ट निराळी. केंद्राच्या १९७२ च्या रजा-नियमांनी स्पष्टच म्हटले, की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. सेवेच्या निकडीने ती नाकारता येते. मात्र मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्यास परस्पर बदलता येत नाही. म्हणजे शब्दातली जुनी 'मर्जी' शाबूत राहिली, पण तिला कुंपण पडले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत २४० ऐवजी १८० दिवसांची अट आली. हे स्वागतार्हच. तथापि दिवस मोजायचे, तर आधी हजेरीपटावर नाव हवे. ठेकेदाराकडचा मजूर आणि घरकाम करणारी बाई यांचे दिवस कोण मोजतो? कामाला न आल्यास त्यांची मजुरी कापली जाते, आणि त्यालाच 'रजा' म्हणण्याचा प्रघात आहे. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी काहीजण कोणाचे तरी मालक व्हाल. तेव्हा त्यांच्या रजेच्या अर्जाकडे उपकार मागणारा कागद म्हणून पाहू नका, एवढीच विनंती.