दप्तराचे वजन जूनमध्येच ठरते

जूनच्या मध्यावर राज्यातील शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे काही दिवस उशिराने. पुस्तके, वह्या, कव्हरे, गणवेश, रेनकोट यांच्या खरेदीत पालकांची धांदल उडालेली असते आणि दप्तर किती जड होणार, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक दप्तर ज्यामुळे जड होते, त्या बहुतेक गोष्टी याच पहिल्या पंधरवड्यात ठरतात. वह्या शंभर पानी घ्यायच्या की दोनशे पानी, खासगी प्रकाशकांची जादा पुस्तके कोणती, पिण्याचे पाणी शाळेत मिळणार की घरून न्यायचे, हे एकदा ठरले की वर्षभर सहसा बदलत नाही. त्यातच पहिल्या आठवड्यात वेळापत्रक तयार नसते आणि मुले सगळीच पुस्तके घेऊन जातात. पुढे वेळापत्रक येते. सवय मात्र टिकून राहते.

प्रश्न जुना आहे. ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत नामनियुक्त सदस्य म्हणून बोलताना मुलांच्या पाठीवरील दप्तराचा विषय कळकळीने मांडला होता. त्यानंतर केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ साली सादर झालेल्या तिच्या अहवालाने दप्तराच्या वजनापेक्षाही न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक ठरविले. अहवालाचे कौतुक पुष्कळ झाले. दप्तरे मात्र जड होत गेली.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असे त्यात ठरले आणि जबाबदारी मुख्याध्यापक व संस्थाचालकांवर टाकण्यात आली. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानेही दहा टक्क्यांचेच प्रमाण धरले. त्यानुसार बालवर्गाला दप्तर नको, पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, आठवीसाठी २.५ ते ४ किलो आणि नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो ही मर्यादा आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, अशीही शिफारस त्यात आहे. चाकांच्या दप्तरांना मात्र या धोरणाने नकार दिला, कारण जिन्यावरून चढता-उतरताना ती इजा करू शकतात.

हे आकडे घरच्या वजनकाट्यावर पडताळून पाहण्यासारखे आहेत. वीस किलो वजनाच्या पहिलीतील मुलाला दोन किलोची मुभा. एक लिटर पाण्याचेच वजन एक किलो भरते. जाड कापडाचे, अनेक कप्प्यांचे, चित्रविचित्र दप्तर रिकामेच पाऊण किलोपर्यंत जाऊ शकते. डबा आणि पावसाळ्यातील रेनकोट धरला की पुस्तकांना जागाच उरत नाही. त्यामुळे शाळेत स्वच्छ पाण्याची सोय असणे हा दप्तराचाही प्रश्न आहे. अर्धा लिटरची बाटली शाळेत भरून घेता आली, तर एका फटक्यात अर्धा किलो कमी होतो. एवढा लाभ पुस्तकांच्या कितीही फेररचनेने मिळत नाही.

फेररचनेचा प्रयोगही राज्यात झाला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून त्यांतच वह्यांची कोरी पाने जोडण्यात आली. कल्पना चांगली होती. पण मुले वेगळ्या वह्या नेतच राहिली, कारण शाळांनी त्या मागणे थांबविले नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ही पाने जोडण्याचा निर्णय रद्द झाला. वर्गातील रीत बदलल्याविना छपाई बदलून फारसे साधत नाही, हे दिसून आले. आता २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांत न्यायचे ठरले आहे. पुस्तके बदलणार असतील, तर वह्यांची मागणीही त्याच वेळी नव्याने तपासायला हवी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना आहे. ती स्वागतार्ह आहे, पण उरलेल्या दोनशेहून अधिक दिवसांचे काय, हे शाळेलाच विचारावे लागेल. पहिल्या पालकसभेत विचारायचे ते एवढेच: विषयांच्या जोडतासिका ठेवून रोजची पुस्तके कमी करता येतील का, जादा पुस्तके वर्गातील कपाटात राहतील का, एका बाकावरील दोघांनी एकच पाठ्यपुस्तक वापरलेले चालेल का, आणि शाळेत वजनकाटा आहे का. बहुतेक पालकसभांत फी आणि गणवेश यांतच वेळ संपतो; म्हणून हे प्रश्न लेखी दिलेले बरे. वेळापत्रक हाती येताच मुलाला स्वतःच दप्तर भरायला बसवावे. पहिले काही दिवस एखादी वही विसरेल, शिक्षकांनी तेवढे चालवून घ्यावे.