गुपित मालकाचे, कौशल्य कामगाराचे : १९६७ च्या एका निकालाचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासात भांडवल, यंत्रे व उत्पादन यांच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु कामगाराने कामावर मिळविलेल्या ज्ञानावर मालकी कोणाची, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसायास मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. या तत्त्वाची महत्त्वाची कसोटी महाराष्ट्रातच लागली.

खटल्याची पार्श्वभूमी :
सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने कल्याण येथील कारखान्यात टायर कॉर्ड धाग्याच्या निर्मितीसाठी परदेशी कंपन्यांकडून तंत्रज्ञान घेतले होते. ते गुप्त राखण्याची व कर्मचाऱ्यांकडूनही तशी हमी घेण्याची अट त्या व्यवहारात होती. निरंजन शंकर गोलिकारी यांची १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर पाळी पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली व त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. १९६४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून कोटा येथील राजस्थान रेयॉन या प्रतिस्पर्धी कंपनीत अधिक वेतनावर काम स्वीकारले. कंपनीने न्यायालयात धाव घेतली.

निकाल व त्याची मर्यादा :
१७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाईहुकूम कायम केला. नोकरीच्या मुदतीपुरते असलेले असे बंधन सामान्यतः कलम २७ च्या विरुद्ध ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ही मनाई कराराच्या उर्वरित काळापुरती व टायर कॉर्डच्या कामापुरतीच होती. अन्य काम करण्यास ते मोकळे होते. मुदत संपल्यानंतरच्या बंधनांबाबत न्यायालयांची भूमिका वेगळी राहिली. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या २००६ मधील खटल्यात कराराच्या समाप्तीनंतरचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले नाहीत.

तथापि, कामगाराच्या दृष्टीने निकालाआधीचा काळही तितकाच महत्त्वाचा असतो. दावा दोन कंपन्यांच्या स्पर्धेतून उद्भवला, तरी प्रतिवादी म्हणून उभा राहतो तो पगारावर जगणारा माणूस. दीर्घकाळ खटला लढविण्याची ऐपत दोन्ही पक्षांची सारखी नसते.

स्थानिक संदर्भ :
बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न कारखान्यापुरता मर्यादित नाही. देऊळगाव राजा परिसरातील शेतकरी शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी संकरित भाजीपाल्याचे बीजोत्पादन घेतात. नर व मादी वाण हे त्या व्यवसायाचे गुपित असून ते कंपनीचे असते. परंतु हाताने परागीकरण करण्याचे कसब शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे असते. करारपत्रात या दोहोंतील सीमारेषा स्पष्ट असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचविला. नोकरीच्या ओघात मिळालेला अनुभव व कौशल्य त्यातून वगळण्याची तरतूदही मसुद्यात केली. ही तरतूद टिकणे कामगारांच्या हिताचे आहे. सूत्र, आराखडा व वाण यांवर मालकाचा हक्क असू शकतो. हाताला लागलेले वळण मात्र कामगाराची मिळकत होय.