घर स्वस्त, पण राहणं?

मागच्या वार्षिक सभेनंतर चहा घेताना एका सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, इथलं घर विकून पुण्याला मुलाजवळ जावं म्हणतो. आठे काय शे आता? तुमचा बँकेचा हिशेब काय सांगतो?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा म्हटलं, आता हिशेबच मांडू.

राहणीमानाच्या खर्चाची सरकारी मोजदाद आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वीची. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि कामगार कुटुंबाचा धान्य, कापड, घरभाडं यांवरचा खर्च मोजायला सुरुवात झाली. आज महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, त्याच्या २०१६ च्या मालिकेत देशातली ८८ केंद्रं आहेत. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर आहेत, नंदुरबार नाही. आपल्या बाजारात काय महागलं, ते त्या आकड्यात येतच नाही.

गावागावांतला फरक धरला जातो तो घरभाडे भत्त्यात. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने ५० लाखांवरच्या वस्तीचं शहर 'एक्स', ५ लाखांवरचं 'वाय' आणि बाकी सगळी 'झेड' अशी वर्गवारी केली. भत्ता ३०, २० आणि १० टक्के. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहर १ लाख ११ हजारांचं, म्हणजे 'झेड'. आम्हा बँक अधिकाऱ्यांनाही गाव पाहून कमी-जास्त टक्के मिळत. २०२० च्या करारात मात्र बँकांनी हा भेद काढून सगळीकडे १०.२५ टक्के केले. तोवर मी निवृत्त झालो होतो!

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवर माणसं आली आणि भाड्याची खोली मिळेना. तेव्हाच आपण काही जणांनी एकत्र येऊन सोसायटीचा विचार केला. गृहकर्जाची प्रकरणं तपासताना एक गोष्ट कायम दिसायची. सिमेंट, सळई, टाइल्स यांचे दर मुंबईत आणि इथे फार वेगळे नसतात. खरा फरक जमिनीचा. म्हणून मुंबईतल्या एका खोलीच्या पैशांत इथे अंगणासकट घर होत होतं.

पण घर स्वस्त म्हणजे राहणं स्वस्त, असं नाही. दादर ज्वारी, मिरची, भाजी इथे स्वस्त पडते हे खरं. औषधाच्या पाकिटावरची किंमत मात्र पुण्यात तीच, नंदुरबारातही तीच. मुलाचं इंजिनिअरिंग पुण्यात झालं, तेव्हा इथला हप्ता आणि तिथलं होस्टेल असे दोन्ही खर्च मी चार वर्षं भरले. सौ.च्या हृदयाच्या आजारात सुरतेच्या किती फेऱ्या झाल्या, त्याची नोंद माझ्या वहीत आहे. गाडीभाडं, लॉज, बाहेरचं जेवण. घरात वाचलेला पैसा ताप्ती लाइनने सुरतेला गेला. २०२० मध्ये आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, म्हणजे पुढच्या पिढीच्या फेऱ्या थोड्या तरी कमी व्हाव्यात.

आता त्या सभासदांचं उत्तर. भाऊसाहेब, घर विकू नका. इथली रक्कम पुण्यात फार तर अर्ध्या फ्लॅटला पुरेल. एकदा विकलं की तिथे आपण पाहुणे. त्यापेक्षा वर्षभर घर भाड्याने द्या, रीतसर करार करा, पुण्यात राहून पाहा आणि मग ठरवा. 'झेड'मधून 'एक्स'मध्ये जाणं अवघड. घर हातात असलं तर परत येणं तरी सोपं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझाही आहे. सौ.ला जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा रोज फोनवर "बाबा, या" म्हणतो. मी वही काढली, दोन रकाने केले. एका नोंदीला कुठला रकाना ते कळेना : त्या रात्री अडीच वाजता शेजाऱ्यांनी न सांगता गाडी बाहेर काढली होती. मी तूर्त इथेच आहे.

जाता जाता, माजी खजिनदार म्हणून एक विनंती. मेंटेनन्स वेळेवर भरा.