कापडाचा पंख

टिळकवाडीकरांना गोवा समुद्रासाठी ठाऊक. केरीच्या पठारावरून माणसे उडतात, हे आम्हांला नातवंडांकडून कळले. जानेवारी २०२५ मध्ये तेथेच पुण्याची एक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला वैमानिक, दोघेही मृत्युमुखी पडले. तेव्हा या पंखाची कुळकथा आम्ही शोधू लागलो.

हवेने फुगणारे कापडी छत्र डॉमिना जॅलबर्ट यांनी १९६४ च्या सुमारास घडविले. ते विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी वापरले जाई. १९७८ साली फ्रान्समधील मिएसीच्या उतारावरून तिघेजण ते घेऊन धावत सुटले आणि विमानाची गरज सरली. पुढे हे वेड आपल्या कामशेतच्या डोंगरांपर्यंत आले.

या पंखाला सांगाडा नाही; आकार देते ती हवाच. ऊन हा त्याचा मोठा वैरी. उन्हाने कापड विरते, त्यातून हवा झिरपू लागते आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. दोऱ्यांची लांबीही वापराने बदलते. म्हणून दोन्हींची ठरावीक काळाने मोजणी हवी. जोडीच्या उड्डाणात पाहुणा पुढे, वैमानिक मागे. पाहुण्याच्या मांड्यांचे पट्टे वैमानिकाने स्वतःच्या हाताने आवळून पाहायचे असतात. नातवंडांना आम्ही अडवीत नाही. संकटकाळच्या छत्रीची घडी उलगडून पुन्हा केव्हा घातली, एवढे तेवढे विचारावयास सांगतो.